फोन भावाचा, आवाज आईचा

प्रश्न : ताई, बांधावरून माझ्या मिस्टरांचं आणि धाकट्या दिरांचं भांडण झालं. मिस्टरांनी रागाच्या भरात काठी घातली, दिरांच्या हाताचं हाड मोडलं. गुन्हा शाबीत झाला, पण पहिलीच वेळ म्हणून कोर्टानं लगेच शिक्षा न देता दोन वर्षांच्या बंधपत्रावर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर सोडलं. परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे (प्रोबेशन ऑफिसर) हजेरी असते. फिर्यादीशी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष संपर्क ठेवायचा नाही आणि त्याच्या घराच्या आवारात जायचं नाही, अशी अट आहे. सासूबाई दिरांकडेच राहतात, आता अंथरुणाला खिळल्यात. त्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. दिरांच्या फोनवरून त्या कधीतरी लावतात. मिस्टर नुसते नंबर बघत बसतात, उचलत नाहीत. वाजून वाजून बंद होतो. आईशी बोलणंही गुन्हा आहे का?

उत्तर : आईशी बोलणं गुन्हा नाही. पण फोन न उचलून मिस्टरांनी शहाणपणा केलाय, हेही आधीच सांगते. कॉलच्या यादीत दिसणार तो दिरांचा नंबर आणि मिस्टरांचा नंबर. पलीकडून आई बोलत होती की भाऊ, हे यादीत उमटत नाही. उद्या दिरांचं डोकं फिरलं तर तीच यादी कोर्टात येईल.

आता कपाटातून कोर्टाच्या आदेशाचा कागद काढा. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 खाली देखरेखीचा आदेश झाला, की त्याची प्रत आरोपीला, जामीनदारांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला द्यावीच लागते. ती बहुतेक घरांत जामिनाच्या पावत्यांबरोबर पिशवीत पडून असते. ती अट शब्दन् शब्द वाचा. तुम्ही लिहिलंय ‘फिर्यादी’. तिथे खरंच एवढंच आहे, की ‘फिर्यादी व साक्षीदार’ आहे? कारण मारामारी घरात झाली की साक्षीदार घरातलेच असतात. सासूबाईंची साक्ष झाली असेल आणि अटीत साक्षीदार हा शब्द असेल, तर त्याही अटीत आल्या. मग वेगळ्या फोनवरूनसुद्धा परवानगीशिवाय बोलू नये. साक्षीदार हा शब्द नसेल, तर बंदी दिरांपुरती आणि त्यांच्या आवारापुरती. तसं असेल तर तुमच्या नणंदेनं सासूबाईंना एक साधा बटणांचा फोन त्यांच्या स्वतःच्या नंबरासह द्यावा, म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो. मात्र ‘आईला फोन घेऊ दे, असं त्याला सांग,’ असा निरोप मिस्टरांनी नणंदेमार्फत दिरांना धाडायचा नाही. अप्रत्यक्ष संपर्क म्हणतात तो हाच. तुमच्यावर स्वतःवर कसलीही अट नाही. तुम्ही सासूबाईंना भेटायला खुशाल जा, फक्त मिस्टरांचे निरोप दिरांपर्यंत नेऊ नका.

प्रत्यक्ष भेटीसाठी मात्र आदेशच बदलून घ्यायला हवा. त्याची वाट कलम 8 मध्ये आहे आणि ती परिवीक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावरून जाते. अटी बदलण्याचा अर्ज त्या कलमात अधिकाऱ्यानं करायचा असतो. लोक आधी वकिलाकडे धावतात. वकील लागेलच, पण पहिली फेरी अधिकाऱ्याकडे मारा. ते घरी येऊन सासूबाईंची अवस्था बघू शकतात, दिरांशी बोलू शकतात. मिस्टरांना जे करायला बंदी आहे, ते अधिकारी करू शकतो.

मी परिवीक्षा अधिकाऱ्याची नोकरी केली आहे, म्हणून एक सांगते. माझ्या देखरेखीखालचा एक जण आजारी वडिलांना बघायला दवाखान्यात गेला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर फिर्यादी भाऊ बसलेला. हा जिन्यावरूनच मागे फिरला आणि तसाच माझ्या ऑफिसात येऊन उभा राहिला, हातात वडिलांसाठी घेतलेली औषधाची पिशवी. ‘मॅडम, मी वर गेलो नाही, लिहून घ्या,’ म्हणाला. ते मी लिहून घेतलं आणि अहवालात घातलं. भेटीची परवानगी मागताना मला दुसरं फारसं काही सांगावं लागलं नाही. तेव्हा फोन वाजला आणि मिस्टरांनी उचलला नाही, हेही पुढच्या हजेरीला अधिकाऱ्यांना सांगा.

मागणी गुळमुळीत नको. ‘आईस भेटू द्यावे’ एवढ्या वाक्यावर न्यायाधीश काय आदेश देणार? कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ, कुठे, कोण हजर असेल आणि त्या वेळी दीर कुठे असतील, हे सगळं लिहा. सासूबाईंना हलवता येत असेल तर नणंदेचं घर सगळ्यांत सोयीचं. नसेल, तर दीर घराबाहेर असतानाची वेळ ठरवून मागा. डॉक्टरांचा दाखला जोडा. दिरांची लेखी संमती मिळाली तर काम हलकं होतं, पण ती मागायला मिस्टरांनी जायचं नाही. अधिकारी किंवा नणंद जाईल. अटी बदलण्याआधी कोर्टाला आरोपीइतकंच जामीनदाराचंही म्हणणं ऐकायची संधी द्यावी लागते, म्हणून जामीन राहिलेल्या माणसालाही आधीच कल्पना देऊन ठेवा. ऐन तारखेला त्यानं भलताच सूर लावायला नको.

आणखी एक, ऐकायला अभद्र वाटेल. त्याच अर्जात अंत्यदर्शनाची आणि अंत्यविधीला हजर राहण्याची परवानगी मागून ठेवा. माणूस गेल्यावर रात्री अकरा वाजता कोर्ट उघडं नसतं. मग भावकीतले म्हणतात, ‘चल रे, आज कोण अडवतंय.’ आणि ते निघून गेल्यावर जबाब द्यायला हा एकटा उरतो.

अट मोडली तर काय, तेही माहीत असू द्या. कलम 9 प्रमाणे कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढू शकतं. पहिल्या चुकीला 50 रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवता येतं. रक्कम 1958 सालची आहे, ती वाचून हसू नका. कारण त्याच कलमात दुसरा पर्याय आहे, तो म्हणजे मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावण्याचा. याउलट वर्तन चांगलं असेल, तर देखरेखीची गरज उरली नाही असं सांगून मुदतीआधी बंधपत्रातून मोकळं करण्याचा अर्जही अधिकारी करू शकतो. मिस्टरांच्या बाबतीत त्याचा विचार करायला हरकत नाही.

प्रश्न : माझा नवरा जन्मठेपेत आहे. त्याला संचित रजेवर (फर्लोवर) यायचंय आणि मी जामीन राहावं म्हणून सासरकडून दबाव आहे. तो घरात असताना मी खूप मार खाल्लाय. मुलगी नऊ वर्षांची आहे. ‘बापाला लेकीला भेटायचा हक्क आहे,’ असं सगळे म्हणतात. सही करावीच लागेल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्राच्या 1959 च्या फर्लो व पॅरोल नियमांत संचित रजेसाठी कैद्याला ठेवून घ्यायला तयार असलेला आणि जामीनपत्र लिहून देणारा नातेवाईक लागतो. तयार असलेला, हे त्यातलं महत्त्वाचं. तुमच्यावर कोणीही सक्ती करू शकत नाही. सासऱ्यांनी किंवा दिरांनी जामीन राहावं, त्यानं त्यांच्याकडे उतरावं. चौकशीला पोलीस घरी आले की तोंडी बोलून थांबू नका. माझा विरोध का आहे आणि तो माझ्या घरी राहायला नको, हे लेखी द्या आणि पोच घ्या.

कुटुंबाशी नातं टिकावं हा या रजेचा एक उद्देश नियमांतच लिहिलेला आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण रजा मंजूर झाली म्हणजे मुलीचा ताबा किंवा भेट मंजूर झाली असं नाही. ते दिवाणी किंवा कुटुंब न्यायालयाचं काम. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली तुम्ही आजही दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण आदेश मागू शकता. मुलीच्या भेटीचा प्रश्नही तिथे निघतो, आणि भेट मुलीला अपायकारक ठरेल असं वाटलं तर दंडाधिकारी ती नाकारतात. आदेश झाल्यावर तो मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तसला धोका मुलीला नसेल आणि तिलाच बापाला बघायचं असेल, तर आजोबांच्या घरी, दिवसाउजेडी, तुमच्या भरवशाचं माणूस जवळ ठेवून तासभर भेटू द्या. तिची इच्छा तुम्ही एकटीनं विचारा, सासरच्या माणसांसमोर नको.

प्रश्न : भाऊ शिक्षा भोगतोय. आमच्या मोठ्या बहिणीच्या मुलाचं लग्न आहे. पॅरोल मिळेल का?

उत्तर : तातडीची अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, लग्नासाठी मिळते ती स्वतःचा मुलगा, मुलगी, भाऊ किंवा बहीण यांच्या. भाचा त्या यादीत नाही. मुलगा शिकायला परदेशी निघाला म्हणून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कैद्याला पॅरोल दिला होता, पण तो सख्खा मुलगा होता आणि त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. भाच्यासाठी त्या वाटेला लागू नका. भावाची संचित रजा शिल्लक आणि देय असेल, तर तिचाच अर्ज तुरुंग अधीक्षकांकडे द्यायला सांगा. तिला कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेतही धरले जातात. पॅरोलचे धरत नाहीत. पोलीस चौकशीला वेळ जातो, तेव्हा लग्नाची तारीख पक्की व्हायची वाट न बघता अर्ज या आठवड्यातच जाऊ द्या. जामीन कोण राहणार तेही ठरवा, आणि त्याचा पत्ता आधार कार्डावर चालू आहे ना, ते बघून घ्या.