सातबारा शोधताना पत्ता उजवीकडून वाचा

नुसतं 'सातबारा ऑनलाइन' टाकलंत तर सरकारी पोर्टलच्या आजूबाजूला खासगी पानांची गर्दी येते. नावात 'महाभूलेख' (हे खरं तर सरकारी पोर्टलचं नाव), आत तीच माहिती पाचदा फिरवून लिहिलेली आणि मधे मधे जाहिराती. त्या जाहिरातींच्या पैशासाठीच ही पानं बनतात, आणि नवख्या माणसाची तिथेच फसगत होते.

'प्रायोजित' लिहिलेले निकाल आधी सोडून द्या, ती जागा पैसे देऊन घेतलेली असते. मग वेबसाइटचा पत्ता बघा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकेरी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे 'डॉट जीओव्ही डॉट इन' हवं. हे शेपूट सरकारी यंत्रणांनाच मिळतं. 'जीओव्ही' मधेच कुठेतरी आणि शेवटी 'डॉट कॉम' असेल तर ते पान बंद करा.

त्याहून सोपं म्हणजे शब्दांपुढे रोमन अक्षरांत 'साइट', कोलन, 'जीओव्ही डॉट इन' लिहा. कोलननंतर जागा सोडू नका, नाहीतर गाळणी लागतच नाही. गूगलवर 'वेब' हा टॅब निवडला की वरचा एआय सारांशही जातो.

विनास्वाक्षरी सातबारा सरकारी पोर्टलवर फुकट दिसतो, डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याला १५ रुपये पडतात. जास्त मागितले तर थांबा.

बँकेचा हेल्पलाइन नंबर मात्र शोधून घेऊच नका, कार्डाच्या मागचाच लावा. पैसे गेलेच तर व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.