एक लाखाच्या डिपॉझिटमधून 68,540 रुपये कापले, आता काय करायचं?

प्रश्न: पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट 24,000 रुपये भाड्याने घेतला होता. 1 फेब्रुवारी 2023 पासून 11-11 महिन्यांचे तीन नोंदणीकृत करार झाले. 31 ऑक्टोबर 2025 ला घर सोडलं. डिपॉझिट एक लाख होतं, घरमालकांनी 31,460 परत केले आणि बाकीचा हिशोब व्हॉट्सअॅपवर पाठवला: रंग 28,000, साफसफाई 5,000, नवा गीझर 7,500, नोटीस वेळेत दिली नाही म्हणून एक महिन्याचं भाडं 24,000, खिडकीची काच 2,200, वीजबिल 1,840. काच आमच्याकडून फुटली, बिलही आमचंच. मुलांच्या खोलीतल्या एका 10 बाय 9 फुटांच्या भिंतीवर खडूच्या रेघा आहेत. करार आणि मालकांनी पाठवलेलं रंगाऱ्याचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. पूर्ण पैसे मिळेपर्यंत एक चावी माझ्याकडेच ठेवली आहे. पुढे काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी ती चावी परत करा, आणि आजच करा. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे, मुदत संपल्यावर लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे तुमच्यासारख्या 11 महिन्यांच्या करारावर, राहणाऱ्याने ताबा दिला नाही तर त्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. एक चावी तुमच्याकडे आहे म्हणजे ताबा पूर्ण मिळालाच नाही, असं मालक म्हणू शकतात. तुमच्या बाबतीत दुप्पट म्हणजे महिन्याला 48,000. चावी हातोहात देऊन दोन ओळींची पोच घ्या. ते घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पाकिटात घालताना फोटो काढून ठेवा. पोचेवर ‘हिशोब पूर्ण झाला’ किंवा ‘काही येणं नाही’ असं वाक्य घातलेलं असेल तर सही करू नका. 31,460 रुपये ‘हिशोबापोटी मिळाले, उरलेली कपात मान्य नाही’ असा मेसेजही आजच पाठवा.

आता 24,000 रुपयांची कपात पाहू, कारण ती मोठी असून सर्वांत कच्चीही आहे. तुमचा तिसरा करार 1 डिसेंबर 2024 ला सुरू झाला, म्हणजे त्याचे 11 महिने 31 ऑक्टोबर 2025 लाच संपले. तुम्ही त्याच दिवशी घर सोडलं. तुमच्या करारातलं एक महिन्याच्या नोटिशीचं कलम ‘मुदतीआधी करार संपवायचा असल्यास’ अशा शब्दांनी सुरू होतं. मुदत आपोआप संपली तिथे ते लागूच होत नाही, त्यामुळे घर सोडत असल्याचं तुम्ही कोणत्या तारखेला कळवलं, याला महत्त्व राहत नाही. पैसे परत मागणारी जी नोटीस तुम्ही मालकांना पाठवाल, तिच्यात हा मुद्दा पहिला लिहा.

रंगाचं थोडं सविस्तर पाहावं लागेल. तुमच्या कराराच्या नवव्या कलमात ‘नेहमीच्या वापरातली झीज वगळून’ घर पूर्ववत द्यायचं आहे. 33 महिन्यांत रंग मळतो, खिळ्याची भोकं राहतात, सोफ्यामागे पट्टा उमटतो. ही सगळी झीजच आहे, तिचा खर्च मालकाचा. खडूच्या रेघा मात्र झीज नाहीत, तेवढं नुकसान तुमचं. पण किती? मालकांनीच पाठवलेल्या रंगाऱ्याच्या अंदाजपत्रकात भिंती आणि छत मिळून 2,000 चौरस फुटांचे 28,000 लावले आहेत, म्हणजे फुटाला 14 रुपये. तुमची भिंत 10 बाय 9, म्हणजे 90 चौरस फूट, म्हणजे 1,260 रुपये. काटेकोर हिशोब केला तर यातूनही वजावट निघते: आतल्या रंगाचं आयुष्य 60 महिने धरलं तर त्यातले 33 तुमच्या राहण्यात गेले, उरलेल्या 27 महिन्यांचे 567 रुपये होतात. माझं मत विचाराल तर पूर्ण 1,260 मान्य करा. आपली चूक आहे तिथे आपण हात आखडता घेतला नाही, हे लोकअदालतीत आणि न्यायालयातही दिसतं.

करार कायद्यातलं तत्त्वही हेच आहे. भारतीय करार कायदा 1872, कलम 73 प्रमाणे भरपाई प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची मिळते. करारात ठरावीक रक्कम लिहिली असली तरी कलम 74 नुसार ती कमाल मर्यादा असते, न्यायालय वाजवी तेवढंच देतं. जुना रंग वापरून झालेल्या घराला भाडेकरूच्या पैशाने कोरा रंग लावून देणं ही भरपाई नाही.

गीझरचंही तसंच. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार साचतात, कॉइल जळते. हा वापरणाऱ्याचा दोष नाही. गीझरच्या टाकीवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. त्या पट्टीचा फोटो, मेकॅनिकचा लेखी शेरा आणि नव्या गीझरचं बिल, तिन्ही मागा. साफसफाईत मात्र मी थोडं सावध राहीन. चिमणीची जाळी तेलाने बुजली असेल तर तिच्या सर्व्हिसिंगचं बिल देणं रास्त आहे. बिल दाखवेपर्यंत 5,000 पूर्ण नाकारा.

म्हणजे मान्य रक्कम 2,200 + 1,840 + 1,260 = 5,300. मागणी 68,540 वजा 5,300, म्हणजे 63,240 रुपये.

नोटीस करारात ‘लायसेन्सर’ (घर देणारे) म्हणून ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या नावाने जाऊ द्या. बऱ्याचदा फोनवर मुलगा बोलत असतो आणि फ्लॅट आईच्या नावावर असतो, नोटीस मुलाला जाते आणि पुढे अडचण होते. तिसऱ्या करारात एक लाख मिळाल्याचा उल्लेख आहे का तेही तपासा, कारण पैसे तुम्ही 2023 मध्ये पहिल्या कराराच्या वेळी दिले होते. उल्लेख मोघम असेल तर बँकेचं तेव्हाचं स्टेटमेंट जोडा. 15 दिवसांची मुदत द्या आणि व्याजाची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा. व्याज कायदा 1978 च्या कलम 3 मुळे लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येतं. दर बँकेच्या ठेवींच्या आसपास ठेवा, 24 टक्के लिहून काही मिळत नाही.

घर सोडतानाचे फोटो आणि चॅट ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, बदलूही नका. भारतीय साक्ष अधिनियम 2023, कलम 63 प्रमाणे असा पुरावा देताना प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोपेक्षा मूळ फाइल कधीही बरी, तिच्यात तारीख शाबूत असते.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात लोकअदालत भरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून अर्ज करा. कोर्ट फी नाही. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, त्यावर अपील नाही. मात्र मालक आलेच नाहीत तर लोकअदालत एकतर्फी निकाल देत नाही. मग दिवाणी दावा, त्याला मुदत 3 वर्षं. 31 ऑक्टोबर 2025 पासून धरून चाला. लेखी करारावरची ठरलेली रक्कम म्हणून समरी (झटपट चालणाऱ्या) दाव्याचा विचार होऊ शकतो, पण कपातीवर खरा वाद दिसला तर न्यायालय मालकांना बचावाची परवानगी देतं आणि दावा नेहमीच्या गतीने चालतो. 63,240 साठी वकिलाची फी आणि तारखा मोजूनच ते पाऊल उचला. लोकअदालतीत 55,000 रोख हातात मिळत असतील तर मी घ्या म्हणेन.

दोन मार्ग सोडून द्या. पोलीस हा दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील. ग्राहक आयोगात नुसतं घर भाड्याने देणं ‘सेवा’ धरलं जात नाही. दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे असा जो मेसेज फिरतो, तो केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यातला आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, महाराष्ट्रात 1999 चाच कायदा चालतो. तो मुद्दा नोटिशीत घातलात तर समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवेल, आणि तुमची बाकीची पक्की बाजू मागे पडेल.