गहू सोंगताना वावरात रानमांजराची दोन पिल्लं सापडली. घरी आणून दूध पाजू का?

घरी आणू नका. आई बहुतेक जवळपासच असते. माणसांच्या गलक्यानं धुऱ्याच्या झुडपात दबून बसलेली. तेवढा तुकडा आज सोंगू नका, कुत्री बांधून ठेवा आणि सगळे लांब व्हा. पिल्लं हलवावीच लागली तर कमी काठाच्या टोपल्यात घालून त्याच जागी, सावलीत ठेवा. अंधार पडला की आई येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते, असं गावोगाव सांगतात. त्यात काही तथ्य नाही.

गाईचं दूध तर अजिबात नको. ते पचत नाही, हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला ती पुरते. पिल्लू उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं, ते वेगळंच.

रात्रभरात आई आली नाही, तर सकाळी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पण कुत्र्यानं चावलं असेल किंवा अंगावर तांदळाच्या कणीसारखी माश्यांची अंडी दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे. तिथवर कसं न्यायचं ते वनरक्षक पाहतील.

आणि हो, ‘बिबट्याचे बछडे सापडले’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकू नका. अर्धं गाव वावरात जमलं की आई फिरकतच नाही. पाळायचा विचार असेल तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.