उंदीर ‘सॅक्रिफाइस’ केले, म्हणजे मराठीत काय केले?

प्रश्न असा आहे: औषधशास्त्रातल्या एका शोधनिबंधाचा मराठी सारांश करताना ‘चौदाव्या दिवशी उंदरांना सॅक्रिफाइस केलं’ या वाक्यापाशी गाडी अडली. प्रयोगशाळेच्या भाषेत याचा अर्थ प्रयोगातला प्राणी मारणं. ‘त्याग’ चालेल, ‘बळी’ की ‘दयामरण’?

‘त्याग’ आधी बाद करा. त्याग आपल्या मर्जीने आणि आपल्याच गोष्टीचा करतात. उंदराला कुणी विचारलेलं नसतं.

‘बळी’ जवळचा वाटतो, पण त्याच्यामागून येणारं क्रियापद बघा. साथीने बळी घेतला, पुरात बळी गेला, अफवेला बळी पडला, यात देव कुठेच नाही. ‘बळी दिला’ म्हटलं की मात्र देव, नवस, कुणाचं तरी भलं, सगळं समोर उभं राहतं. माझी मावसबहीण बी. फार्म. करत असताना एकदा जेवता जेवता म्हणाली, “आज सहा रॅट सॅक्रिफाइस केले.” आजीने ताटातून मान वर न काढता विचारलं, “कुठल्या देवाला गं?” इंग्रजी शब्दाच्या पोटातही तो देव आहेच, फक्त रोजच्या वापराने कुणाला दिसत नाही. (जाता जाता: ‘बळी तो कान पिळी’मधला बळी वेगळा. तो बलवान.)

‘वध’ आणि ‘कत्तल’ही सुचतील. एकाला पुराण चिकटलंय, दुसऱ्याला खाटीकखाना.

‘दयामरणा’त मरणाऱ्याची हालांतून सुटका हा हेतू असतो. आपल्या १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात अशी जागा आहे: भूल देऊन केलेल्या प्रयोगात प्राणी इतका जायबंदी झाला की बरा होताना त्याचे फार हाल होतील, तर साधारणपणे त्याला बेशुद्धीतच संपवावं. तिथे दयामरण चपखल बसतं. (कायद्याने मात्र तिथे ‘डिस्ट्रॉइड’ लिहिलंय, जणू जुन्या फायली!) पण धडधाकट उंदराला त्याचं यकृत तपासायचं म्हणून मारलं, तर त्यात दया कोणावर?

मी सरळ ‘मारले’ लिहीन. ब्रिटनच्या १९८६ च्या प्राणीप्रयोग कायद्यातही ‘किलिंग’ हाच शब्द आहे, आधी ‘ह्यूमेन’ (कमीत कमी हाल करून) लावून. ‘मारण्यात आले’ नको, ती सरकारी पत्रकाची भाषा. ‘चौदाव्या दिवशी आम्ही उंदीर मारून त्यांची यकृतं तपासली’ एवढं पुरे.

निबंधात पद्धत दिली असेल तर तीही मराठीत आणा. ‘सर्व्हायकल डिसलोकेशन’ वाचताना डोळा सहज पुढे सरकतो. ‘मान मोडून’ म्हटलं की थबकतो, आणि अर्थ तोच आहे. कार्बन डायऑक्साइड वापरला असेल तर तसं लिहा, आधी भूल दिली असेल तर ‘भूल देऊन’ म्हणा. पद्धत दिलीच नसेल, तर ‘वेदना न होऊ देता’ हे शब्द आपल्या पदरचे घालू नका.