पदवी सोडून डार्करूममध्ये?

नमस्कार ताई,

मुलगा उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एका कार्यशाळेत डार्करूम पाहून आला, आणि आता पदवी सोडून कृष्णधवल पोर्ट्रेटचे प्रिंट काढून देण्याचाच धंदा करायचा म्हणतो, असं आपण लिहिलंय. यात पोट भरेल का, शिकायचं काय आणि केमिकलचा त्रास किती, हे आपले प्रश्न.

पोटाचं आधी. या एकाच कामावर महिन्याचा पगार मिळेल असं त्यानं धरून चालू नये. कोडॅकनं 2005 साली कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छापाचा मालही गेला. आता कागद येतो तो इंग्लंडच्या इलफोर्डचा किंवा चेक देशातल्या फोमाचा, तोही आयात होऊन, महाग. गिऱ्हाईक म्हणजे फिल्मवर पोर्ट्रेट काढणारे मोजके छायाचित्रकार, मर्यादित प्रती विकणाऱ्या गॅलऱ्या आणि जुन्या निगेटिव्ह जपणाऱ्या संस्था व घराणी. पॅरिसच्या पिक्टोसारख्या लॅबचं (1950 साली पिएर गासमान यांनी सुरू केलेली, कार्तिए-ब्रेसाँचे प्रिंट तिथे होत) उदाहरण तो देईल; पण त्या लॅबमागे त्या काळच्या मासिकांचं काम होतं. म्हणून पदवी पुरी करू द्या. जोडीला निगेटिव्ह स्कॅनिंग आणि जुन्या फोटोंचं जतन शिकू द्या. दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनसारख्या छायाचित्रसंग्रहात कामं कशी चालतात, हे त्यानं पाहून यावं.

आता शिकण्याचं. चांगला प्रिंट एकदा कुणालाही निघतो. पैसे मिळतात ते पहिल्यासारखाच विसावा प्रिंट काढण्याचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मागणी आली तर तोच टोन देण्याचे. त्यामुळे वही हवी: निगेटिव्हचा क्रमांक, एन्लार्जरची (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राची) उंची, लेन्सचं छिद्र, फिल्टर, सेकंद, कुठे किती डॉजिंग-बर्निंग (हातानं उजेड अडवून एखादा भाग उजळ ठेवणं किंवा जास्त उजेड देऊन गडद करणं). 35 मिमी निगेटिव्हला 50 मिमी लेन्स, 6×6 सेंमीच्या निगेटिव्हला 80. छिद्र साधारण एफ-8. एक्स्पोजर, म्हणजे कागदावर उजेड पाडण्याचा वेळ, 10 ते 20 सेकंदांत बसवावं. चार सेकंदांत हात फिरवायला वेळच मिळत नाही.

टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळे सेकंद देऊन पाहायची कागदाची पट्टी, चेहऱ्यावरच टाकायची, गालाचं हाड आणि डोळ्याखालची सावली दोन्ही येतील अशी. पार्श्वभूमीवर टाकलेली पट्टी पोर्ट्रेटमध्ये काही सांगत नाही. आधी एक्स्पोजरनं उजळ भाग ठरवायचा, मग फिल्टरनं काळं. मल्टिग्रेड कागदावर (फिल्टर बदलून ज्याचा काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करता येतो) दोन नंबरच्या फिल्टरपासून सुरुवात करावी. इलफोर्डच्या फिल्टरांत साडेतीनपर्यंत वेळ तोच राहतो, चार आणि पाचला दुप्पट लागतो. हे विसरलं की कागद वाया.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीत नवशिके हमखास चुकतात. एक्स्पोजर कमी करून चेहरा उजळ करतात. मग गालावरचा पोत जातो आणि चेहरा पिठासारखा दिसतो. गिऱ्हाईकही ‘जरा गोरं करा’ म्हणतं. ते ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रंग आहे तसा ठेवून डोळ्यांच्या खोबणी एक्स्पोजरच्या दहाएक टक्के डॉज कराव्यात, कपाळाचा चमकता भाग आणि कडा थोड्या बर्न कराव्यात. चेहरा आपोआप उठतो.

फायबर कागद (प्लॅस्टिकचा थर नसलेला) वाळला की 5 ते 10 टक्के गडद होतो. ओला प्रिंट बघून पसंत केला तर सकाळी तो काळवंडलेला मिळतो. टेस्ट स्ट्रिप हेअर ड्रायरनं वाळवूनच बघायची. बघायचा दिवाही फार प्रखर नको, नाहीतर सगळे प्रिंट घरच्या उजेडात काळपट वाटतात.

डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, घरी बनवता येतो. डी-72 नावाची कृती: 750 मिली कोमट पाण्यात मेटॉल 3 ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट 45, हायड्रोक्विनोन 12, निर्जल सोडियम कार्बोनेट 67.5, पोटॅशियम ब्रोमाइड 2, मग पाणी घालून 1 लिटर. क्रम मोडायचा नाही: सल्फाइट आधी घातलं की मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून सल्फाइटची चिमूटभर सोडून मेटॉल पहिलं. वापरताना एका भागाला दोन भाग पाणी. फायबर कागदाला 20 अंशांवर दीड ते दोन मिनिटं द्यायची. प्रिंट काळा पडतोय म्हणून लवकर उपसला तर काळं मळकट राहतं. मे महिन्यात नळाचं पाणी 30 अंशांवर जातं, तेव्हा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावा लागतो. पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशी येते. डबा बंद आणि आत सिलिका जेल हवंच.

प्रत्येक ट्रेला वेगळा चिमटा. हायपोचा (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाचा) थेंब डेव्हलपरमध्ये गेला तर तो बदलावा लागतो. फायबर प्रिंट वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो, नाहीतर उरलेल्या हायपोनं काही वर्षांत पिवळे-तपकिरी डाग पडतात. पाणीटंचाई असेल तर पाच मिनिटं धुऊन, 2 टक्के सोडियम सल्फाइटमध्ये 10 मिनिटं ठेवून पुन्हा धुवावा. पाणी पुष्कळ वाचतं.

त्रासाचं म्हणाल तर मेटॉलनं काहींच्या हातांना खाज आणि पुरळ येतं आणि मग ते आयुष्यभर सुटत नाही. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून हवेत. हवा बाहेर फेकणारा पंखा लागतोच. डेव्हलपरचं काम थांबवणारं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि हायपो यांचा वास डोळ्यांना झोंबतो. प्रिंटचा टोन बदलणारा सेलेनियम टोनर विषारी आहे, त्यामुळे तो घरच्या स्वयंपाकघरात अजिबात नको. वापरलेल्या हायपोत चांदी असते; गटारात न ओतता साठवून चांदी काढणाऱ्याला द्यावी.

दर ठरवताना एका पक्क्या प्रिंटमागे तीन कागद धरावेत, वर रसायनं, वीज आणि स्पॉटिंगचा वेळ. (धुळीचे पांढरे ठिपके 000 ब्रशनं बुजवायला कधीकधी प्रिंटइतकाच वेळ जातो, आणि तोच नेमका बिलात लावायचा राहतो.)

निर्णय घेण्याआधी त्याला एक काम द्या. एका चेहऱ्याच्या निगेटिव्हचे दहा प्रिंट, पाच या आठवड्यात आणि पाच महिन्याभरानं, फक्त वहीतल्या नोंदींवरून. दहाही वाळवून खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवा आणि आपण स्वतः बघा. कुठले पाच आधीचे हे आपल्याला ओळखता आलं, तर कुणाकडून पैसे घ्यायला अजून अवकाश आहे.