टीव्ही बिघडलेला नाही, माइल्स अजून शिकतोय

प्रश्न : मुलाच्या हट्टामुळे 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' घरी बघितला. पहिली वीस मिनिटं मी टीव्हीच तपासत होतो. माणसं अडखळत हलतात, मागच्या बिल्डिंगींचे रंग सरकलेले, चष्मा न लावता थ्रीडी बघतोय असं वाटत होतं. वायर काढून परत घातली, इंटरनेटवाल्याला फोन केला. पोरगा म्हणतो, "बाबा, तें तशेंच आसा!" ऑस्कर मिळालेला पिक्चर असा का? आणि माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाने त्यात बघायचं काय?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : पोरगा बरोबर आहे, त्या इंटरनेटवाल्याला बिचाऱ्याला सोडा. 2018 च्या डिसेंबरात मी थेटरात बघितला तेव्हा माझ्या बाजूचे काकासुद्धा इंटरव्हलला ऑपरेटरच्या नावाने बोटं मोडत होते.

आधी रंगांचं. तुम्ही डिचोलीचे, म्हणजे जत्रेतल्या नाटकांची जुनी हँडबिलं बघितली असणारच. छापताना कागद जरा हलला की नायिकेच्या ओठांचा लाल थेट गालावर. स्पायडर-मॅन ज्यांतून आला त्या जुन्या अमेरिकन कॉमिक्सची तीच गत, स्वस्त कागद, ठिपक्याठिपक्यांची छपाई. ह्या पिक्चरवाल्यांनी ती चूक मुद्दाम उचलली, म्हणजे एरवी लांबची वस्तू धूसर दाखवतात ना, तिथे ह्यांनी तिचे रंगच एकमेकांपासून सरकवून ठेवले. आणि चेहरे जवळून बघा, कॉम्प्युटरवर बनवलेल्या तोंडावर कपाळाच्या आठ्या, भुवयांच्या कडा वरून रेघेने काढल्यात. पणजी मार्केटात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं बघत भाजी घेणाऱ्या आपल्या लोकांना रेघेचं कौतुक नवीन नको.

आता अडखळणं. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. इथे बऱ्याच ठिकाणी एकच पोज दोन फ्रेम धरून ठेवलीय, म्हणजे सेकंदाला हालचाली 12च, वर वेगामुळे येणारा धूसरपणाही काढून टाकलेला, म्हणून ते टकटक टकटक दिसतं. पण जंगलातला सीन परत लावा, नवा स्पायडर-मॅन झालेला पोरगा माइल्स आणि त्याला शिकवणारा जुना स्पायडर-मॅन पीटर, दोघं कॉम्प्युटर चोरून झाडांमधून पळतात तो. पीटर मुरलेला गडी, तो पूर्ण 24 वर सरसर जातो, आणि माइल्स त्याच्याच बाजूला 12 वर, धडपडत, हातपाय कुठे टाकायचे ते कळत नाही. एकाच चौकटीत दोघांचा वेग वेगळा! नवशिका आहे हे कोणी तोंडाने सांगत नाही, डोळ्यांना आपोआप कळतं. नंतर त्याला जमायला लागतं तसा तोही सुळसुळीत होतो. तुम्ही ज्याला बिघाड म्हणून फोन लावला ती माझ्या मते ह्या पिक्चरची सगळ्यात हुशार गोष्ट आहे.

एक काम करा, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन स्मूथिंग' किंवा तसलं काहीतरी असतं, कंपनीप्रमाणे नाव बदलतं, ते बंद करा. ते चालू असलं की टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम बनवून घुसवतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

पन्नाशीच्या माणसाने काय बघायचं म्हणता, तर तो दुसरा स्पायडर-मॅन, पीटर, बघा. पोट सुटलेला, घटस्फोट झालेला, ट्रॅकपँट घालून पिझ्झा चापणारा. तो नको असेल तर दरवाज्याचा सीन. माइल्सचा बाप पोलीस, भाऊ गेल्याचं दुःख घेऊन पोराच्या हॉस्टेलच्या खोलीबाहेर उभा, दार बंद, आत पोराला खुर्चीला जाळ्याने बांधलेलं आणि तोंडावरही जाळं. बापाला दाराखालून नुसती सावली हलताना दिसते. त्याला वाटतं पोराला बोलायचं नाहीये, तरी तो बोलायचं ते बोलून जातो. मारामारी नाही, काही नाही. मी तीनदा बघितलाय आणि तीनदा पाणी प्यायला उठलोय, समजून घ्या.

त्यानंतर ती उडी. माइल्स काचेच्या उंच बिल्डिंगवरून झेप घेतो तेव्हा बोटांना काचा चिकटून फुटून येतात, म्हणजे भीती अजून गेलेली नाही, हात सोडवत नाही, तरी उडी मारली. आणि चौकट उलटी धरलीय, त्यामुळे पडणारा पोरगा वर चढताना दिसतो.

सगळंच गोड आहे असं नाही हां. शेवटची मारामारी मला डोळ्याला जड झाली, इतके रंग एकदम अंगावर येतात की कोण कोणाला मारतंय ते शोधावं लागतं. व्हिलन किंगपिन मात्र झक्कास, आमच्या वाड्यावरच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यासारखा, नुसते खांदेच खांदे आणि डोकं लिंबाएवढं. ऑस्करचं म्हणाल तर त्याआधी सलग सहा वर्षं ॲनिमेशनचं बक्षीस डिस्ने नाहीतर पिक्सारकडेच जात होतं, 2019 मध्ये ह्यांनी ती साखळी तोडली.

प्रश्न : ह्याचा दुसरा भाग मराठीत आलाय म्हणे आणि त्यात मुंबईसारखं शहर आहे? माझी नात आठ वर्षांची आहे, दाखवू का?
– एक आजी, फोंडा

उत्तर : हो आजी, 2023 चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. शहराचं नाव मुंबॅटन, मुंबई अधिक मॅनहॅटन, आणि तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर, केसांना तेल कुठलं लावतो असं विचारावंसं वाटेल असे केस. 'चाय टी' म्हटल्यावर तो जाम चिडतो, कारण चाय म्हणजेच टी, आपल्याकडचा पिवळा पीतांबर. तो भाग फार थोडा वेळ आहे, मला अजून हवा होता.

नातीला दाखवा, पण दुपारी जेवण झाल्यावर लावा, 2 तास 20 मिनिटांचा आहे. आणि आधीच सांगून ठेवा की गोष्ट मध्येच तुटते, पुढचं पुढच्या भागात. माझ्या भाचीला सांगितलं नव्हतं, तिने रिमोट फेकला.