जुन्या रूम्बाला वाय-फाय

प्रश्न : माझ्या रूम्बाला (घर झाडणारा रोबो, ६०० मालिका) वाय-फाय नाही, म्हणून ईएसपी८२६६ हा छोटा वाय-फाय बोर्ड जोडला. पण बोर्डाला ५ व्होल्ट देणारी ७८०५ ही रेग्युलेटर चिप चटका बसेल इतकी तापते आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं की यंत्र आज्ञाच ऐकत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बॅटरी १४.४ व्होल्टची, ५ व्होल्टच्या वरचे नऊ-दहा व्होल्ट ७८०५ नुसते उष्णतेत घालवते. तिच्याजागी छोटा बक कन्व्हर्टर (फारसा न तापता व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावा. बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटरवर ५ व्होल्ट नीट लावून घ्या, नाहीतर बोर्ड गेलाच म्हणून समजा. रूम्बाच्या सात पिनांच्या सॉकेटवर १ व २ बॅटरीचे, ६ व ७ ग्राउंड. सलग २०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढू नका.

बोर्डाचा टीएक्स (आज्ञा पाठवणारा पिन) सॉकेटच्या पिन ३ला जोडा. पिन ४वर ५ व्होल्ट येतात, ते सरळ बोर्डाला देऊ नका : मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि बोर्डाच्या बाजूने ग्राउंडला २० किलोओहमचा. संदेशांचा वेग (बॉड रेट) ११५२००.

पाच मिनिटांची गोष्ट बिघाड नव्हे, ती झोप आहे. पिन ५ बीसी५४७ ट्रान्झिस्टरने दर मिनिटाला एक सेकंद ग्राउंडला ओढा. घाईत तीन छोटे झटके दिलेत, तर वेग १९२००वर जातो आणि पुढच्या आज्ञा त्याला कळत नाहीत.

आज्ञा आकड्यांत पाठवायच्या : सफाईसाठी १२८, मग १३५. डॉककडे (चार्जिंगच्या जागी) पाठवायला १४३. १३२च्या वाटेला जाऊ नका. त्यात कडा ओळखून थांबणं बंद होतं, आणि घरात जिना असेल तर यंत्र थेट खाली.